घोट्याला बोट कुठे ठेवायचं, हे आम्हाला कोण शिकवणार?

प्रति,
मा. कुलगुरू, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, सोलापूर,
आणि जिल्ह्यातील खो-खो, कबड्डी, कुस्ती व अ‍ॅथलेटिक्स संघटनांचे सर्व पदाधिकारी

विषय : मैदानावर खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्यांसाठी मराठीतून निरंतर प्रशिक्षण सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

सात-आठ वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका खो-खो स्पर्धेत मी फिजिओ म्हणून टेबल टाकून बसले होते. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा हूल द्यायला वळला आणि त्याचा डावा पाय आत मुडपला. लंगडत माझ्याकडे आला. मी घोट्याभोवती हात फिरवला, सूज पाहिली, बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं आणि त्याच्या सरांना सांगितलं, "मुरगळलाय, दोन दिवसांत उतरेल." दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. सरांनी विचारलं, "मॅडम, टेप मारून चालेल का?" मी घट्ट टेप मारला. पोरगं दात आवळून खेळलं. तीन आठवडे झाले तरी दुखणं जाईना म्हणून एक्स-रे काढला, तेव्हा पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मागं जे हाड असतं त्याचं बूड मोडलेलं दिसलं. त्या हंगामात तो मुलगा पुन्हा मैदानात उतरला नाही.

ते हाड मी दाबून पाहिलंच नव्हतं. सगळं लक्ष घोट्यावर होतं.

पुढे पुण्यात दोन दिवसांचा एक वर्ग स्वतःचे पैसे भरून केला. तिथे पहिल्याच तासाला कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेले नियम समजले. पाय मुरगळलेल्या माणसाला एक्स-रे लागेल की नाही हे ठरवायला चार जागा दाबायच्या. आतल्या आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत. मग करंगळीमागच्या त्या लांब हाडाचं बूड, आणि पावलाच्या आतल्या बाजूचं नावेसारखं छोटं हाड. यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर दुखलं, किंवा दुखापत झाल्या झाल्या आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. मशीन लागत नाही, पैसा लागत नाही. माझ्याकडे पदवी होती, नोंदणी होती, आणि हे नियम निघून तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. तरी ते माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. त्या मुलाच्या सरांना मी नंतर भेटून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हालाच माहीत नव्हतं, तर आम्हाला कोण सांगणार?"

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

आपल्या जिल्ह्यात खेळाडू पडला तर त्याच्याजवळ पहिल्यांदा कोण पोहोचतं, ते बघा. वेळापूरच्या खो-खोच्या मैदानावर, मोहोळच्या तालमीत, सांगोल्याच्या कबड्डीच्या सरावात, पार्क स्टेडियमवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये डॉक्टर नसतो. असतात ते क्रीडाशिक्षक, वस्ताद, संघाबरोबर वर्षानुवर्षं येणारे मालीशवाले काका, भरतीच्या अकादमीतले सर, आणि नशीब बरं असेल तर माझ्यासारखी एखादी फिजिओ. हाड, स्नायू, ऊन, डोक्याचा मार या सगळ्याचा पहिला निर्णय हीच माणसं घेतात. मनापासून घेतात. पण बहुतेकांनी जे शिकलं ते एकदाच शिकलं, कुणी बी.पी.एड. करताना, कुणी आपल्या वस्तादाकडून.

अमेरिकेत या कामासाठी वेगळा पेशाच आहे. त्याला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणतात. जिममधल्या ट्रेनरशी त्याचा संबंध नाही. दुखापत टाळणं, मैदानावर तपासणं, तातडीचा उपचार आणि खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगा करणं हे त्याचं काम. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि १९९० मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेने या पेशाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. प्रमाणपत्र टिकवायचं असेल तर दर दोन वर्षांनी साधारण ५० तासांचं निरंतर शिक्षण पूर्ण करावं लागतं, आणि हृदय बंद पडल्यावर द्यायच्या तातडीच्या उपचाराचं प्रमाणपत्र चालू ठेवावं लागतं. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डामार हॅमलिन हा खेळाडू टक्कर झाल्यावर उठला आणि पुन्हा कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. मैदानावर त्याच्या छातीवर दाब द्यायला गुडघे टेकून बसला तो संघाचा सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर, डेनी केलिंग्टन. हॅमलिन वाचला आणि पुढच्या हंगामात परत खेळला. त्या माणसाचे हात त्या क्षणी शोधाशोध करत नव्हते, कारण तो सराव त्यांनी पुन्हा पुन्हा केलेला होता.

आपल्याकडे तसा पेशा नाही आणि तो लगेच उभा राहील असंही मला वाटत नाही. पण काम आहे, रोज आहे. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० तासांचं निरंतर शिक्षण दाखवावं लागतं. जो डॉक्टरच्या आधी खेळाडूपाशी पोहोचतो, त्याला काहीच दाखवावं लागत नाही, आणि दाखवावं म्हटलं तर शिकायला जागा नाही.

आमच्या विषयातलं ज्ञान जुनं होतं, हे बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. घोटा म्हणजे घोटाच, त्यात नवीन ते काय? पण बघा. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि जगभर पाठ झालं. त्याच मर्किन यांनी पुढे लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरं होणं लांबू शकतं. आज भर आहे तो पहिल्या एक-दोन दिवसांनंतर सोसेल तेवढा भार देण्यावर, हालचाल लवकर सुरू करण्यावर. बर्फ वेदना कमी करायला चालतो, पण पंधरा दिवस पाय उशीवर ठेवून बसणं नाही. डोक्याच्या माराचंही तसंच. पूर्वी आम्ही सांगायचो, अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर जे एकमत प्रसिद्ध झालं, त्यात एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि मग हळूहळू चालणं-फिरणं वाढवायला सांगितलं आहे. एक गोष्ट मात्र कायम आहे : मेंदूला धक्का बसल्याचा संशय असेल तर त्या दिवशी खेळाडू परत मैदानात जाणार नाही.

आपल्या खो-खोत हे रोजचं आहे. खांब १२० ते १२५ सेंटीमीटर उंच, लाकडाचा. त्याच्यावर सूर मारताना कपाळ आपटतं, दोन मुलींची डोकी एकमेकींवर आदळतात. मुलगी दोन सेकंद कोरी नजर करून उभी राहते. आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, "काय नाय होत गं, ऊठ" म्हणतो, आणि ती उठते, कारण तिला बाहेर बसायचं नसतं. तिला स्कोअर विचारा, समोरचा संघ कुठला ते विचारा, आत्ता कोण बाद झालं ते विचारा. उत्तर अडखळलं तर सामना तिच्यासाठी संपला. आणि उत्तर बरोबर आलं, पण डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय म्हणाली, तरीही संपला. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. पण तो अर्धा तास कुठे तरी लावावा लागेल.

आता कार्यशाळांबद्दल. राग नाही, वाईट वाटतं म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने ‘क्रीडा दुखापती व उपचार’ असा एक दिवसाचा कार्यक्रम ठेवला होता. मी श्रोत्यांत होते. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, मनोगतं होईपर्यंत साडेअकरा वाजले. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी इंग्रजीत ऐंशीएक स्लाइड दाखवल्या. त्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची छायाचित्रं होती. मागच्या रांगेत मंगळवेढ्याकडचे एक वस्ताद बसले होते. सत्तरीचे असतील, धोतर-पटका, कान कुस्तीनं फुगून घट्ट झालेले. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "बाई, पोराचा खांदा निखळला तर वढू का नको, येवढंच इचारायला आलो हुतो." दुपारी चारला प्रमाणपत्रं वाटली. वस्तादांच्या प्रश्नाची वेळ आलीच नाही. मी त्यांना जिन्यात उभं राहून सांगितलं : ओढू नका. खांद्याजवळून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात, हाड मोडलेलं असू शकतं. हात आहे त्या स्थितीत अंगाशी धरा, मध्ये उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल घाला, झोळी बांधा, बोटं गार पडलीत का आणि मुंग्या येतायत का ते बघा, आणि दवाखाना गाठा. त्यांनी ते तिथेच माझ्या हातावर करून दाखवलं. पहिल्याच वेळी बरोबर. दिवसभराच्या त्या कार्यक्रमातलं खरं शिक्षण जिन्यात झालं, पाच मिनिटांत.

माझी मागणी त्या पाच मिनिटांतून आली आहे. अभ्यासक्रम कुठला वक्ता मिळतो यावरून ठरवू नका. आपल्या मैदानांवर काय घडतं, यावरून ठरवा. त्यासाठी आधी एक हंगाम नोंद करा. प्रत्येक तालुक्यातली चार शाळा-मंडळं, दोन तालमी घ्या. एक वही द्या. तारीख, खेळ, वय, मुलगा की मुलगी, काय झालं, कसं झालं, पहिल्या दहा मिनिटांत कुणी काय केलं, पुढे काय निघालं. एवढेच रकाने. अकरा तालुक्यांच्या वह्या एकत्र आल्या की अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका आपोआप समोर येईल. माझ्या स्वतःच्या तीन वह्या आहेत. त्यात घोटा सगळ्यांत वर आहे, मग गुडघा, मग नडगी. पण त्या एका फिजिओच्या टेबलावरून भरलेल्या आहेत. अक्कलकोटच्या आखाड्यातलं त्यात काही नाही, आणि तिथलं दुखणं वेगळं असणार.

उन्हाबद्दल मात्र वहीची वाट पाहायची गरज नाही. सोलापूरचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि त्याच दिवसांत शिबिरं, निवड चाचण्या, भरतीची तयारी जोरात असते. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. सकाळी आठनंतर शेवटची फेरी जीव तोडून मारणारं पोरगं अचानक वेडंवाकडं पळू लागतं, बरळतं, कोसळतं. आपल्यातले बरेच जण म्हणतात, "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही." हे चुकीचं आहे. श्रमाने येणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओलं असू शकतं. ओळखायची खूण म्हणजे डोकं ठिकाणावर नसणं, आणि शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर. काखेतला किंवा कपाळावरचा थर्मामीटर इथे फसवतो. अशा वेळी पोराला रिक्षात घालून पळायचं नाही. आधी गार करायचं, मग न्यायचं. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत शरीर थंड झालं तर जवळजवळ प्रत्येक जण वाचतो. अमेरिकेत फालमाउथच्या रोड रेसमध्ये अठरा वर्षांत असे २७४ धावपटू बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केले. एकही दगावला नाही.

आपल्याकडे बर्फाचा टब कुठून आणणार, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ताडपत्री आणा. सोलापुरात ताडपत्री नाही असं घर कमी आणि दुकान तर नाहीच. गेल्या फेब्रुवारीत आम्ही आठ क्रीडाशिक्षक आणि मी, एका मैदानावर सकाळी साडेसहाला जमलो. बर्फाची एक लादी फोडून पोत्यात ठेवलेली. पाण्याचे सहा कॅन. एक तरुण सर आडवे झाले. बाकीच्यांनी ताडपत्रीच्या कडा गुडघ्याच्या वर उचलून धरायच्या, म्हणजे मधे खोलगट डोण होतो, त्यात माणूस, त्यावर पाणी आणि बर्फ, आणि कडा हलवून पाणी सतत फिरवत ठेवायचं. एकाने फक्त डोकं धरायचं, तोंड पाण्याच्या वर. पहिल्या खेपेस एका बाजूची कड खाली गेली आणि सगळं पाणी वाहून गेलं. दुसऱ्यांदा बर्फ पोत्यातून निघेना. तिसऱ्यांदा डोकं कुणी धरायचं यावर गोंधळ. चौथ्यांदा सगळं जागेवर यायला तीन मिनिटं लागली. घरी जाताना एक सर म्हणाले, "मॅडम, हे वाचून कधीच आलं नसतं." ताडपत्री नसेल तर टॉवेल आहेत. आपल्या गावचे, जाड विणीचे, जे जगभर जातात, तेच बादलीभर बर्फाच्या पाण्यात बुडवून डोकं, मान, छाती, काखा, जांघा झाकायच्या आणि दोन-तीन मिनिटांनी टॉवेल गरम झाला की बदलायचा. बदलत राहायचं, हे महत्त्वाचं. एकदा टाकून ठेवलेला ओला टॉवेल घोंगडीसारखा होतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

हा भाग फेब्रुवारीअखेर शिकवून झालाच पाहिजे. एप्रिलमध्ये शिकवून उपयोग नाही, कारण शरीरालाही ऊन सवयीचं व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि सरावाचं वेळापत्रक त्याआधी बसवायचं असतं.

तालमीसाठी वेगळा भाग हवा. पैलवानांची कातडी हा विषय कुणी बोलत नाही. गजकर्ण एकाच्या मानेवर आलं की पंधरा दिवसांत अर्ध्या तालमीला होतं. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज थांबते, कडा पुसट होतात, आणि आत बुरशी पसरत राहते. डॉक्टर पुढे म्हणतात की आता साधं औषध लागू पडत नाही. वस्तादांना हे समजलं तर ते एका आठवड्यात तालमीची सवय बदलतील. वेगळा लंगोट, वेगळा पंचा, डाग असेल तर लढत नाही. त्यांचा शब्द तिथे कायदा असतो. मॅट असेल तर ती रोज पुसणं, हेही आलं.

मैदानातली पेनकिलर इंजेक्शनं आणि डब्यातली पावडर यांबद्दल एवढंच सांगते की २०२२ साली देशात उत्तेजकविरोधी कायदा झाला आहे, आणि खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, कुणी दिलं ते सांगून सुटका होत नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या मागे पावडरच्या दुकानाचा फलक नको. जेवणाचा खर्च त्यांनी केला की प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बारीक होतो. मी पाहिलं आहे.

मुलींबद्दल मात्र मला थांबून लिहायचं आहे. आपल्या जिल्ह्याच्या मुली खो-खोत राज्यात नाव काढतात. त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा पुरुष प्रशिक्षक असतात, चांगले, जबाबदार. पण मांडीच्या स्नायूला टेप लावायचा असला की मुलगी "नको सर, बरं आहे" म्हणते. पाळी चार महिने आलेली नाही हे ती सरांना सांगत नाही, आईला सांगते, आणि आई म्हणते खेळामुळे होतं. खेळामुळे नाही. खर्च होतो तेवढं पोटात जात नाही म्हणून होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याला ऊर्जेच्या तुटीचा विकार म्हणून नाव दिलं आहे, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात, बारीक तडे जातात, मुलगी सारखी आजारी पडते. एका वसतिगृहात मी मुलींचं सकाळचं विचारलं. पहाटे साडेपाचला सराव, आठला चहा-खारी, आणि जेवण साडेअकराला. सहा तास! त्यांच्या ताटात सकाळी एक ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दूध ठेवलं तर निम्मं काम होईल, त्यासाठी परदेशातून आहारतज्ज्ञ आणायला नको. गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट (एसीएल) फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि उडी मारून उतरताना गुडघा आत वळू न देण्याचा पंधरा-वीस मिनिटांचा नियमित सराव तो कमी करतो. हे शिकवायला महिला लागतील. अभ्यासक्रमात निम्म्या जागा महिलांसाठी ठेवा, आणि फक्त शिक्षिकाच नकोत. माजी खेळाडू, ज्यांचं लग्न झालं आणि खेळ सुटला, अशा किती तरी जणी या गावात आहेत. त्यांना बोलवा. त्या येतील.

आता रचना. मी दोन वर्षांत ५० तासांचा आराखडा सुचवते, बाहेरच्यांची नक्कल म्हणून नव्हे, तर दर महिन्याला एका रविवारची सकाळ म्हणजे वर्षाला पंचवीस तास सहज होतात म्हणून. नोकरी करणाऱ्या सरांना सलग आठवडा मिळत नाही. आषाढीचे दिवस वगळा, पंढरपूर-माळशिरसकडची माणसं तेव्हा मोकळी नसतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा वगळा. बोर्डाच्या परीक्षा वगळा. वर्ग सभागृहात नको, मैदानावर आणि तालमीत. एकदा पार्क स्टेडियमवर, एकदा बार्शीत, एकदा अकलूजला. भाषा मराठी, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड समजावून सांगणारा एक जण बरोबर, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. एका सकाळी एकच विषय. आधी वहीतली एक खरी घटना, मग हाताने सराव, मग पुन्हा सराव.

परीक्षा कागदावर घेऊ नका. मी जमिनीवर पडते, तुम्ही तपासा. ओटावाच्या चारही जागा न सांगता दाबल्या तर उत्तीर्ण. छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटीमीटर, हे बाहुलीवर दोन मिनिटं करून दाखवलं तर उत्तीर्ण. हे कौशल्य काही महिन्यांत हातातून निसटतं, म्हणून दर सहा महिन्यांनी पंधरा मिनिटं पुन्हा. आणि महिनाभराने प्रत्येकाला एक फोन : शिकलात त्यातलं मैदानावर काय वापरलं? उत्तर "काही नाही" असेल तर चूक शिकवणाऱ्याची धरा आणि तो तास बदला.

माझ्या काही सहकाऱ्यांना काळजी वाटते की क्रीडाशिक्षकांना आणि मालीशवाल्यांना हे शिकवलं तर ते स्वतःला फिजिओ समजतील. काळजी खोटी नाही. म्हणून पहिलाच तास काय करायचं नाही याचा असावा. सुई टोचायची नाही, हाड बसवायचं नाही, मान दुखत असेल तर खेळाडूला उठवायचं नाही, प्रमाणपत्रावर ‘उपचारक’ लिहायचं नाही. पण शिकवलंच नाही म्हणून ती माणसं हात लावायची थांबलेली नाहीत. खेळाडू त्यांच्याच पायाशी पडतो.

विद्यापीठाला यासाठी नवी इमारत लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे, आणि हे अगदी त्याच वाटेचं काम आहे. शारीरिक शिक्षण विभागाने मैदान द्यावं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या अस्थिरोग आणि तातडीच्या विभागांतल्या डॉक्टरांनी वर्षातून चार सकाळी द्याव्यात. शहरातल्या फिजिओंशी मी बोलले आहे, आम्ही सहा जण मानधन न घेता पहिलं वर्ष शिकवायला तयार आहोत. शुल्क शंभर-दोनशे रुपयांच्या वर नको, आणि मालीशवाल्या काकांना तेही नको.

संघटनांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या हंगामापासून स्पर्धेच्या परवानगीच्या अर्जात एक ओळ घाला : हे प्रशिक्षण नियमित घेणारी कोणती व्यक्ती मैदानावर हजर राहणार आहे? पंचांची नावं विचारता, तसंच. ती ओळ आली की वर्गात माणसं आपोआप येतील.

माझ्या तीन वह्या आणि ५० तासांचा हाताने लिहिलेला आराखडा घेऊन मी येत्या पंधरा दिवसांत कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी यायला तयार आहे. त्या वस्तादांनाही विचारलं आहे. ते म्हणाले, सकाळची एस.टी. पकडून येतो, फक्त वार सांगा.

आपली नम्र,
एक क्रीडा फिजिओथेरपिस्ट आणि जुनी खो-खो खेळाडू
सोलापूर